जुन्या बाटल्यांच्या शोधात: पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईची मटण स्ट्रीट

गेल्या हिवाळ्यात सलग दोन दिवस मी जुन्या बाटल्यांसाठी राखून ठेवले होते: बुधवार पुण्याच्या जुन्या बाजाराला आणि गुरुवार मुंबईच्या चोर बाजाराला. वार मुद्दाम निवडले होते, कारण मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तर चोर बाजारातील मटण स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची दुकाने शुक्रवारी बंद असतात.

इंग्लंडमधले संग्राहक शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे कचऱ्याचे ढीग उकरतात; ते वाचून आपल्याकडे कुदळ घेऊन निघण्यात अर्थ नाही. आपल्याकडे रिकामी बाटली सहसा फेकली जात नसे. ती धुऊन रॉकेल नाहीतर तेल भरायला घरात राही किंवा डबा-बाटलीवाल्याकडे जाई, आणि सोड्याची बाटली तर पुन्हा भरण्यासाठी कारखान्यातच परत जाई. म्हणून शोध याच वाटेवर घ्यावा: भंगाराची दुकाने, बंद पडलेले सोड्याचे कारखाने आणि पाडायला काढलेल्या वाड्यांच्या माळ्यावरचे सामान. किल्ल्यांवर तर खणूच नये. संरक्षित स्मारकात विनापरवाना खोदकाम करणे हा १९५८ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

जुन्या बाजारात मी सकाळी लवकर पोहोचलो. पितळी दिवे आणि ग्रामोफोन मांडून बसलेल्यांकडे बाटल्या होत्या, पण महाग आणि घासूनपुसून चकचकीत केलेल्या. मला हवी होती ती बाटली नळाच्या तोट्या आणि पाने विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांच्या पोत्यात तळाशी सापडली. ती गोटी सोड्याची होती: जाड, फिकट समुद्री रंगाची काच, त्यात बारीक बुडबुडे, अर्ध्यापर्यंत वाळलेला चिखल आणि मानेत अडकलेली गोटी. लंडनच्या हायरम कॉडने १८७२ मध्ये या बाटलीचे पेटंट घेतले. आतल्या वायूच्या दाबाने गोटी तोंडातल्या रबरी कड्याला घट्ट बसते आणि ओतताना ती पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून मानेत दोन खळगे केलेले असतात. मुले गोटीसाठी या बाटल्या फोडत, त्यामुळे गोटीसकट अखंड बाटली मिळाली की मला फार आनंद होतो. बाबांनी दोनशे रुपये सांगितले आणि मी घासाघीस केली नाही.

मटण स्ट्रीटला सँडहर्स्ट रोड किंवा ग्रँट रोड स्थानकावरून चालत जाता येते. येथे भाव चढे असतात, पण एकाच फेरीत पुष्कळ बाटल्या हाताळायला मिळतात, आणि नजर त्यानेच तयार होते. औषधाच्या बाटलीवर साच्याची रेघ तोंडाच्या खालीच संपत असेल तर तोंड हाताने घडवलेले आहे, म्हणजे बाटली बहुधा पूर्ण यांत्रिक उत्पादनाच्या आधीची, असे समजावे. गोटीच्या बाटलीला मात्र ही खूण लावू नये, कारण आधी गोटी आत टाकून मगच तोंड घडवावे लागते. तिथे बुडाकडे पाहावे: वर्षानुवर्षे लाकडी खोक्यात आदळलेल्या बाटलीच्या कडा पांढुरक्या झिजलेल्या असतात. एका दुकानात ‘इंग्रजांच्या काळातली’ म्हणून दाखवलेल्या बाटलीचे बूड अगदी कोरे होते. हाथरसजवळच्या सासनीला अशा बाटल्या स्वातंत्र्यानंतरही बनत आल्या आहेत, तेव्हा नुसत्या आकारावर पैसे टाकू नयेत. निळ्या, षट्कोनी, खरबरीत कडांच्या बाटल्या बहुतेक विषाच्या असतात. अंधारातही हाताला कळावे म्हणून त्या तशा घडवत. आत काही उरले असेल तर बूच उघडून वास घेऊ नये.

सोबत छोटी विजेरी, जाड हातमोजे आणि भरपूर वर्तमानपत्रे न्यावीत. घरी आल्यावर गरम पाणी वापरू नये. माझी एक सुंदर हिरवी बाटली अशीच खांद्यापासून तडकली आणि त्याची खंत अजून जात नाही. कोमट पाण्यात साबण घालून भिजत ठेवावे, मग मूठभर तांदूळ आणि पाणी घालून हळूहळू हलवावे. पुण्याची बाटली मी तीन दिवस भिजवली. चौथ्या दिवशी बाहेरचा थर सुटला आणि बोटाला आधी लागली, मग दिसली ती उठावाची पाच इंग्रजी अक्षरे: पूना.