जुनी किनारी शिडाची नौका महासागरासाठी पारखताना: एका चाचणी-सफरीचा वृत्तांत

1980 च्या दशकात बांधलेली, फायबरग्लासची 33 फुटी नौका आम्हाला पसंत पडली होती. परंतु व्यवहार ठरण्यापूर्वी तिच्यावर एक पूर्ण रात्र खुल्या समुद्रात काढू द्यावी, अशी अट मी आणि माझ्या जोडीदाराने मालकापुढे ठेवली. ही नौका आजवर किनाऱ्यालगतच फिरलेली आहे आणि आम्हाला तिच्यातून महासागर ओलांडायचा आहे. धक्क्याला बांधलेल्या नौकेत रंग, गाद्या आणि इंजिन दिसते. तिचे सांधे किती हलतात हे भार आल्याशिवाय कळत नाही.

भार म्हणजे काय, हे आकड्यांत पाहावे. कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंतचे अंतर सुमारे 2,700 सागरी मैल आहे. ताशी साडेपाच मैलांच्या सरासरीने त्याला वीस दिवस लागतात, आणि दर सहा सेकंदांना एक हेलकावा धरला तरी डोलकाठीच्या तारांवर जवळजवळ तीन लाख वेळा ताण येऊन जातो. किनारी नौका रविवारी दुपारी बाहेर पडून संध्याकाळी परतते, त्यामुळे तिची दुखणी वर्षानुवर्षे झाकलेली राहू शकतात.

निघण्यापूर्वी आम्ही उलटण्याच्या धोक्याचा प्राथमिक हिशेब केला. 1979 च्या फास्टनेट या ब्रिटनजवळच्या खुल्या समुद्रातील शिडाच्या नौकांच्या शर्यतीत वादळात 15 खलाशांचा मृत्यू झाल्यानंतर हे सूत्र पुढे आले. नौकेचे वजन पौंडांत घेऊन त्याला 64 ने भागावे, त्याचे घनमूळ काढावे आणि फुटांतील रुंदीला त्या संख्येने भागावे. उत्तर 2 पेक्षा कमी आले तर ठीक. साडेदहा फूट रुंदी आणि 12,000 पौंड वजनाला उत्तर 1.83 येते. मात्र वजन किती खोलवर आहे, हे या सूत्राला दिसत नाही. म्हणून मूळ आराखड्यातील स्थैर्याचा आलेख, म्हणजे नौका किती कललेली असताना परत सरळ होते हे दाखवणारा आलेख, मिळाला तर तो जरूर पाहावा. युरोपातील ‘अ’ श्रेणीचा, म्हणजे महासागरी वापरासाठीचा, शिक्का 1998 पासून बंधनकारक झालेल्या नियमांतला आहे, त्यामुळे इतक्या जुन्या नौकेवर तो नसणे हा दोष मानू नये.

बाहेर वीस नॉटचा, म्हणजे ताशी वीस सागरी मैलांचा, वारा होता. मुख्य शीड आखडून आम्ही मध्यरात्रीपर्यंत वाऱ्याच्या तोंडावर तिरके जात राहिलो. नौका एका कुशीवर कलली की शौचालयाचे दार चौकटीत घट्ट अडके, आणि दुसऱ्या कुशीवर सहज उघडे. विजेरी घेऊन कपाटात शिरल्यावर कारण दिसले: आडव्या भिंतीला हलशी, म्हणजे नौकेच्या बाहेरच्या कवचाशी, जोडणारी फायबरग्लासची पट्टी हातभर लांब सुटली होती आणि प्रत्येक लाटेला तिच्या फटीची उघडझाप होत होती. निघताना अशा सांध्यांवर कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावून पेन्सिलीने आडवी रेघ मारून ठेवावी. रेघ तुटली की हालचाल सिद्ध होते.

चेनप्लेट, म्हणजे डोलकाठीच्या तारा जिथे नौकेला जखडलेल्या असतात त्या पट्ट्या, मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. प्रत्येकीखाली आम्ही टिश्यूपेपर गुंडाळला होता. पहाटे वाऱ्याकडच्या बाजूचा एक कागद चहाच्या रंगाचा झाला होता. डेकमधून जाणाऱ्या फटीत पाणी साचून प्राणवायू पोहोचत नाही, तिथे स्टेनलेस स्टील आतून कुरतडले जाते आणि वरून मात्र चकचकीत राहते. अशी पट्टी बाहेर काढून तपासल्याशिवाय तिच्यावर विश्वास ठेवू नये. त्याच जागी डेकमधील बाल्सा लाकूड कुजलेले असण्याची शक्यता मोठी. प्लास्टिकच्या हातोडीने हलके ठोकत जावे, टणक आवाज अचानक बोदा झाला की समजावे.

परतताना आपत्कालीन सुकाणूदांडा, म्हणजे सुकाणूचे चाक निकामी झाल्यास हाताने सुकाणू वळवण्याचा दांडा, बसवून पाहिला. तो चाकाच्या खांबाला आदळत होता, म्हणजे फक्त अर्धाच फिरत होता. नौकेच्या यादीत तो ‘उपलब्ध’ लिहिलेला होता. प्रत्यक्ष चालत्या नौकेवर तो लावून पाहणारे फार थोडे असतात, आणि मला ही चूक गंभीर वाटते.

कॉकपिटची, म्हणजे नौका चालवणाऱ्यांच्या बसण्याच्या खोलगट जागेची, पाणी वाहून नेणारी भोके बुजवून ते काठोकाठ भरावे, मग भोके उघडून वेळ मोजावा. हजार लिटर मावत असेल तर मागच्या टोकावर एक टन बसतो, आणि पुढची लाट तो निचरा होईपर्यंत थांबत नाही. केबिनच्या दाराच्या फळ्या आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून अडकवता आल्या पाहिजेत. फास्टनेटमध्ये निसटलेल्या फळ्यांनी अनेक नौकांत पाणी शिरू दिले. पिण्याच्या पाण्याच्या टाक्या लहानच असतात, ते जादा डब्यांनी भागते.

कीलचे, म्हणजे नौकेच्या तळाखालच्या जड फाळाचे, बोल्ट आणि सुकाणूच्या पात्याला धरणारा दांडा हे मात्र नौका पाण्याबाहेर काढूनच, स्वतंत्र सर्वेक्षकाकडून तपासून घ्यावेत.

आमचा निर्णय असा: सर्व तारा नव्या, चेनप्लेट बाहेर काढून बदललेल्या आणि भिंतीचा सांधा पुन्हा बांधलेला, एवढे झाले तर व्यापारी वाऱ्यांच्या मार्गासाठी ही नौका घेण्याजोगी आहे, उच्च अक्षांशांसाठी नाही. या कामांचा अंदाज मागणीच्या किमतीतून वजा करून आम्ही प्रस्ताव दिला आहे. दुरुस्तीनंतर चिकटपट्टी आणि टिश्यूपेपर त्याच जागी लावून तेवढ्याच वाऱ्यात पुन्हा एक रात्र काढायची, हे त्या प्रस्तावात लेखी घातले आहे.