हे कोणी केलंय?

कारागीर घरात शिरला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. चपला दाराबाहेर, पिशवी खाली, कामाच्या जागेवर एक नजर, एक सुस्कारा आणि मग, "हे कोणी केलंय?"

ठाण्यात, नौपाड्यातल्या आमच्या घराला पंचवीस वर्षं झाली. एवढ्या काळात ही चीज मी सगळ्या घराण्यांकडून ऐकली आहे. इलेक्ट्रिशियन स्विचबोर्डाचं झाकण काढून आत डोकावत ती म्हणतो. आजवर आपण जिवंत कसे राहिलो याचंच त्याला नवल वाटत असतं. सुतार दार दोनदा उघडतो, दोनदा मिटतो आणि बिजागरीलाच विचारतो. रंगारी बोटाच्या पेराने भिंत वाजवतो, बद्द आवाज आला की आपल्याकडे बघून नुसता हसतो. दातांचे डॉक्टर सुसंस्कृत, म्हणून ते "हे फिलिंग कुठे केलं होतंत?" असं विचारतात. तोंडात नळी असल्यामुळे आपण "आँ" करतो. ते "अच्छा" म्हणतात, आणि त्या 'अच्छा'त सगळं आलं. या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. पुढे जो आकडा कानावर पडणार आहे, त्याची ती नांदी असते.

गेल्या पावसाळ्यात खालच्या काकूंच्या छताला ओल आली. त्यांनी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला, मग दुसऱ्या कोनातून दुसरा, मग तिसरा, ज्यात ओलीकडे रोखलेलं त्यांचं स्वतःचं बोट होतं. तिसऱ्या फोटोनंतर मी प्लंबर बोलावला. पन्नाशीचे, मुरबाडकडचे, मोजकं बोलणारे. त्यांनी बेसिनखालची एक टाईल छन्नीने अलगद सोडवली, दुसरी फुटली. आत जुना जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप. त्याच्या गंजलेल्या टोकाला कुणीतरी प्लास्टिकच्या पाईपचा वीतभर तुकडा जोडलेला आणि त्या जोडावर एमसीलचा लाडू थापलेला. लाडवाच्या पोटातून थेंब येत होता. चार-पाच सेकंदांनी एक, अगदी शिस्तीत.

मी वाट बघत उभी. वाक्य येईना. त्यांनी टॉर्च धरला, जोड बोटाने चाचपला, लाडू नखाने खरवडला, आणि तरी गप्प. शेवटी मलाच राहवलं नाही. "कोणी केलंय हो हे असलं काम?"

"माणूस कामाचा होता," ते म्हणाले. "आटे बघा कसे बसवलेत. गळू नये म्हणून धागा-सफेदा पण घातलाय. पाईप सडलाय हे त्याला दिसलं असणार. पुढची टाईल फोडून दिली नसेल कोणी."

दिली नव्हती. मीच दिली नव्हती. आठ वर्षांपूर्वी, त्या रंगाच्या टाइल्स आता बाजारात मिळत नाहीत म्हणून, "एवढ्यातच काय ते बसवा" असं मी त्या आधीच्या बिचाऱ्याला बजावलं होतं. तो दोनदा म्हणाला होता, ताई, पुढपर्यंत बदलायला पाहिजे. हे मी या दादांना सांगितलं नाही. चहा ठेवते म्हणाले आणि आत गेले.

चहा उकळेपर्यंत मला पत्र आठवलं.

मी सीए आहे. आधी काम केलेल्याचा मान राखायचा हा शिष्टाचार आमच्या धंद्यात कोणाच्या चांगुलपणावर सोडलेला नाही. १९४९च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात तो आठव्या क्रमांकाला लिहून ठेवलाय. दुसऱ्या सीएकडे असलेलं ऑडिट घ्यायचं, तर आधी त्याला लेखी कळवायचं. न कळवता घेतलं तर ते गैरवर्तन. लोक या पत्राला 'एनओसी' म्हणतात, आणि कित्येक सीएसुद्धा म्हणतात, पण कायद्यात परवानगीची भाषाच नाही. आधीच्याची वाद नसलेली फी थकलेली नसेल, तर तो नाराज असला तरी काम घेता येतं. विचारायचं एवढंच की, बाबा रे, मला माहीत असायला हवं असं काही तुझ्याकडे आहे का? पत्र पोचल्याचा पुरावा मात्र हवा. म्हणून वर्षानुवर्षं आम्ही पोस्टात रजिस्टर एडीच्या रांगेत उभे राहिलो. २०२५मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा आमच्या ऑफिसात क्षणभर घरातलं कोणी गेल्यासारखं झालं.

प्रॅक्टिसच्या तिसऱ्या वर्षी मला पाचपाखाडीतल्या एका सोसायटीचं ऑडिट मिळालं. सेक्रेटरी म्हणाले, "आधीचे साहेब नुसत्या सह्या करायचे हो." मी पत्र पाठवलं, पोचपावती आली, ती फाइलला लावली, आणि उत्तराची वाट न बघता कामाला लागले. पत्र म्हणजे सत्यनारायणाची सुपारी, ठेवली की झालं, अशी तेव्हाची समजूत. वह्या उघडल्या तर आनंदीआनंद. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखून ठेवायचा पैसा, उपविधींप्रमाणे सभासदांकडून गोळा होत होता, बांधकाम खर्चाच्या पाव टक्का दरसाल, पण त्याची वेगळी गुंतवणूक कुठेच नव्हती. तो पैसा पाण्याच्या बिलात आणि वॉचमनच्या पगारात कधीच वाहून गेला होता. 'जे' रजिस्टरमध्ये, म्हणजे सभासदांच्या यादीत, फ्लॅट विकून गेलेली माणसं अजून नांदत होती.

सप्टेंबरात, तीस तारखेच्या अलीकडे, स्टिल्टखाली लाल प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून वार्षिक सभा भरली. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठून म्हणाले, "पाच वर्षं हे कोणाच्याच लक्षात येऊ नये, याचं आश्चर्य वाटतं." टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनी सगळ्यांत जोरात वाजवल्या, हे मला नंतर आठवलं.

आठवड्याने एक जाड पाकीट आलं. आधीच्या ऑडिटरांचं. आत पाच वर्षांच्या अहवालांच्या झेरॉक्स, आणि पाचहीत सिंकिंग फंडावर तोच परिच्छेद. पहिल्या वर्षी साधा, तिसऱ्या वर्षी अधोरेखित, पाचव्या वर्षी लाल पेनाने. दाखवलेल्या चुका सुधारल्याचा दोषदुरुस्ती अहवाल सोसायटीने एकदाही दिला नव्हता, आणि मला जे कागद मिळाले त्यांत ताळेबंद होते, ही पानं नव्हती. सोबत दोन ओळी : "आपणांस उपयोगी पडेल म्हणून जोडत आहे. कामास शुभेच्छा." सभेतल्या माझ्या भाषणाचा उल्लेख नाही. त्यांना कळलं नसेल असं मात्र नाही. ठाण्यात बातमी तलावपाळीला एक चक्कर मारून होईपर्यंत घरी पोचते.

मी घाबरत फोन केला, माफी मागू लागले. ते मध्येच म्हणाले, "सेक्रेटरी अजून तेच आहेत का हो?" आणि खूप वेळ हसले. "माझी फी त्यांनी दिली आहे, काळजी करू नका," हेही वर सांगितलं.

वकिलांचा नियम आमच्याहून कडक. एकाचं वकीलपत्र दाखल असेल तर दुसऱ्याने त्याच्या संमतीशिवाय उभं राहायचं नाही. संमती मिळाली नाही तर कोर्टाची परवानगी काढायची. एरवी कोर्टात एकमेकांना 'माझे विद्वान मित्र' म्हणायची पद्धत आहेच. आमच्या कोर्टनाक्यावर 'विद्वान' हा शब्द किती प्रकारे उच्चारता येतो, ते एकदा जाऊन ऐकावं. डॉक्टरांची नियमावली तर भांडणातूनच जन्मली. अठराव्या शतकाच्या अखेरीस मँचेस्टरच्या रुग्णालयात तापाच्या साथीच्या वेळी डॉक्टरांची आपसात जुंपली. मग थॉमस पर्सिव्हल नावाच्या डॉक्टरांनी एकमेकांशी कसं वागावं हे लिहून काढलं, आणि १८०३मध्ये त्याचं पुस्तक निघालं. आपल्याकडच्या २००२च्या नियमांत, डॉक्टराने डॉक्टरावर आणि त्याच्या कुटुंबावर मोफत उपचार करणं हा आनंद मानावा, असं चक्क लिहिलंय. कोपिनेश्वराच्या देवळात लहानपणी ऐकलेल्या कीर्तनातला नावाडी रामाला हेच सांगतो : तू भवसागर पार करवतोस, मी गंगा, एका धंद्यातले आपण, तुझ्याकडून उतराई कशी घेऊ? आणि घोडबंदर रोडवर बंद पडलेल्या रिक्षाला मागचा रिक्षावाला एक पाय लावून गॅरेजपर्यंत ढकलत नेतो, तेव्हा मीटर कोणी टाकत नाही.

'आपल्यातला आहे' हे वाक्य मात्र मला फार आवडत नाही. त्याच्या पोटात पुष्कळ घाण लपते. डॉक्टरांच्या त्याच नियमांत, नालायक किंवा भ्रष्ट सहकाऱ्याला भीडभाड न ठेवता उघडं पाडा, असंही लिहिलंय. ते कलम मोफत उपचाराइतकं लोकप्रिय दिसत नाही. पण मुरबाडच्या दादांनी काही लपवलं नव्हतं. जोड गेलाय हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. घरच्या बाईचं नाव घेतलं नाही, इतकंच.

चहा घेऊन आले तोवर जुना तुकडा बाहेर पडला होता. नवा पाईप बसला, थेंब थांबला. "गिझरपर्यंत बदलून टाकू?" त्यांनी विचारलं. "पुढचा पण सडत आलाय."

गिझरपर्यंत म्हणजे आणखी सहा टाइल्स. मी त्या सहांकडे पाहिलं. फिक्या निळ्या, कडेला पांढरी वेल असलेल्या. "सध्या एवढंच करा," मी म्हणाले.

ते काही बोलले नाहीत. "मार्कर आहे का?" एवढंच विचारलं. मी ऑफिसचा आणून दिला. टाईल परत बसवण्याआधी गुडघ्यावर बसून नव्या पाईपवर त्यांनी काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. तारीख होती, एक बाण होता, आणि खाली : 'पुढे जुना जीआय. मालकांना सांगितलंय.'