चवथीआधी गाडी बघताना

आज दिवसभर गाड्याच बघितल्या. गणपतीच्या चवथीला गावी जायचं म्हणजे आम्ही सातजण, वर माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या फळाफुलांच्या मांडणीचं, सामान, त्यामुळे लहान गाडीत आता भागत नाही.

सकाळी फोंड्याला नवी इनोव्हा हायक्रॉस चालवली. हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बॅटरीवरची मोटरही असल्यानं थांबल्यावर इंजिनाचा आवाजच नाही. आईला वाटलं, बंदच पडली! बाबा गुडघ्यावर हात न ठेवता चढले, ते बघून बरं वाटलं.

दुपारी म्हापशाला 2017 ची जुनी इनोव्हा क्रिस्टा पाहिली, डिझेल. आडनाव एकच, पण हाडं वेगळी. क्रिस्टा शिडीसारख्या चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर उभी आणि जोर मागच्या चाकांना. हायक्रॉस मोनोकॉक, म्हणजे वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा; तिला पुढची चाकं ओढतात. चोर्ल्याचा घाट भरल्या गाडीनं चढायचा तर माझं मन अजून जुनीकडेच जातं.

पण जुनी घेताना खाली वाकून बघायलाच हवं. आमची खारी हवा पत्रा खाते. मी पोतं अंथरून गाडीखाली शिरलो, टॉर्च मारला. मागच्या चाकाजवळ चासीवर नवाकोरा काळा रंग, नखानं खरवडला तर तांबडा पापुद्रा हातात आला. मालक म्हणाले, "पावसाचं आहे ते."

उद्या आमच्या मेस्त्रीला घेऊन परत जातोय.