मेयर वर का नाही गेला? तुम्ही विचारलंत म्हणून

दर डिसेंबरात कोल्हापूरला आलो की तिसऱ्या-चौथ्या दिवशी हा प्रश्न येतोच. मेहुण्याच्या घरी तांबडा-पांढरा झालेला असतो, टीव्हीवर प्रीमियर लीगची मॅच लागलेली असते आणि हाफटाइमला कुणीतरी माझ्याकडे वळतं. "दाजी, तुमचा तो मेयर एवढा भारी होता म्हणता, मग वर का नाही गेला?" मँचेस्टरला मराठी मंडळाच्या गणपतीतही हेच, फक्त 'दाजी'च्या जागी 'डॉक्टर' असतं. इतकी वर्षं "अहो, असतं एकेकाचं नशीब" म्हणून मी विषय बदलत आलो. ते उत्तर खोटं होतं. नशिबाचा यात फारसा भाग नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं.

ज्यांना संदर्भ नाही त्यांच्यापुरतं: बरी हे मँचेस्टरच्या उत्तरेचं, ट्रामच्या शेवटच्या स्टॉपवरचं गाव. तिथला फुटबॉल क्लब १८८५ सालचा. एफए कप दोनदा जिंकलेला, १९०० आणि १९०३ साली. डॅनी मेयर हा मिडफिल्डर २०१३-१४ च्या हंगामात शेफील्ड वेन्सडेकडून आमच्याकडे आला आणि २०१९ च्या उन्हाळ्यापर्यंत राहिला. मी भूलतज्ज्ञ, २००१ पासून बरीत. बस.

आधी तुमचा प्रश्नच दुरुस्त करतो. तो वर गेला होता. लेलंडचा पोरगा, शेजारच्या प्रेस्टनमध्ये घडला. प्रेस्टनकडून आणि मग वेन्सडेकडून चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगच्या बरोबर खालच्या पायरीवर खेळला. तिथे टिकला नाही, हे खरं. पण 'गेलाच नाही' आणि 'टिकला नाही' यांत फरक आहे. तो फरक तुम्हाला क्षुल्लक वाटतो, मला वाटत नाही.

तो खेळताना कसा दिसायचा, हे तुमच्यापैकी एकानेही पाहिलेलं नाही. डावीकडे, टचलाइनपासून थोडा आत, आमच्या गोलकडे तोंड करून तो चेंडू घ्यायचा. मागून कुणीतरी येऊन चिकटायचा. मेयर घाई करायचा नाही. खांदा एका बाजूला, चेंडू दुसऱ्या बाजूला, आणि तो माणूस मागे राहिलेला. मग तो आत वळून पळायला लागायचा, चेंडू पायाला डकवल्यासारखा. साउथ स्टँडमध्ये आम्ही एकेक करत उठायचो आणि पाठोपाठ घडीच्या खुर्च्या खटाखट मिटायच्या. तो आवाज रांगेरांगेने पुढे सरकत जायचा, त्याच्या बरोबरीने. डोळे मिटून बसलो असतो तरी चेंडू कुणाकडे आहे ते मला कळलं असतं.

आता वर का टिकला नाही. वरच्या क्लबांना बाजूने खेळणाऱ्याकडून गोल हवे असतात. गोल नसतील तर विजेसारखा वेग हवा. मेयरकडे गोल बेताचे होते आणि वेग चेंडूसकटचा होता, मोकळ्या मैदानातला नव्हता. त्याचं खरं काम म्हणजे आपल्या अर्ध्यात चेंडू घ्यायचा, २-३ जणांना स्वतःभोवती गोळा करायचं आणि ३०-४० यार्ड पुढे नेऊन ज्याच्यापुढे रान मोकळं आहे त्याला द्यायचा. पुढे गोल मेनार्डच्या नाहीतर ओशेच्या नावावर लागायचा. मेयरने मोकळं केलेलं रान कुठल्याच रकान्यात लागायचं नाही. असा खेळाडू फुलायला संघ त्याच्याभोवती बांधावा लागतो. आमचे मॅनेजर रायन लोव यांनी २०१८-१९ मध्ये आमच्याकडे तो तसा बांधला. ज्या क्लबाकडे दुसरे चार पर्याय असतात, तो हा खटाटोप कशाला करेल?

हे झालं खेळाचं. पोटाचंही सांगतो. वरच्या चार पायऱ्यांत ९२ क्लब, त्यांतले लीग वन आणि लीग टूमध्ये, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर, २४-२४. हंगामात लीगच्या ४६ मॅच, त्यातल्या कित्येक मंगळवारी रात्री, गार पावसात. करार बहुतेक वर्षा-दोन वर्षांचे, ३० जूनला संपणारे. मे महिन्यात कुणाला ठेवलं, कुणाला सोडलं याची यादी क्लब लावतो. तिशीतला, मुलंबाळं असलेला माणूस त्या यादीत आपलं नाव शोधतो. वर्षामागून वर्षं या यादीतून तरून जाणं हे काम आहे, आणि अवघड काम आहे. ते जमलं नाही म्हणून कुणी खाली राहत नाही. ते जमलं म्हणूनच तिथे राहतो.

शाहू स्टेडियमवर पाटाकडीलचा नाहीतर दिलबहारचा खेळाडू १०-१५ वर्षं आपल्या तालमीसाठी खेळला, तर त्याला कुणी विचारत नाही, की बाबा रे, मोहन बागानला का नाही गेलास? त्याचं नाव पेठेत काढतात. मी त्याच सिमेंटच्या पायऱ्यांवर वडिलांशेजारी बसून फुटबॉल बघायला शिकलो. मग मेयरच्याच बाबतीत तुमची फूटपट्टी का बदलते?

हे सगळं मी मेहुण्याला एकदा सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "दाजी, चिडताय का?"

तर त्याबद्दलही लिहितो. मला दुसराही एक प्रश्न विचारतात, जरा आडून: "कन्सल्टंट का नाही झालात?" मिरजेहून एमबीबीएस आणि भूलशास्त्रात एमडी करून मी इथे आलो आणि कन्सल्टंटच्या खालच्या पायरीवर २० वर्षांहून जास्त काळ आहे. २००४ मध्ये न्यूकॅसलकडे ट्रेनिंगची जागा मिळत होती. घर नुकतं घेतलं होतं, लेक २ वर्षांची होती, बायकोची नोकरी इथली. नाही गेलो. मी स्वतःच्या मर्जीने राहिलो, असं आजवर सांगत आलो. लेक म्हणते, तू मेयरबद्दल बोलायला लागलास की स्वतःबद्दलच बोलत असतोस. मला ते मान्य नाही. मेयरचा खेळ हा मेयरचा खेळ आहे. माझ्या दुखण्यावर लावायला आणलेलं मलम नाही. पण तिचं म्हणणं मी डोक्यातून काढूनही टाकू शकलेलो नाही.

आता २०१९. बाकीचं त्याच्यासाठीच लिहितो आहे.

त्या वसंतात संघ लीग टूमधून वर चढत होता आणि खेळाडूंचे पगार अडले होते. आधी उशिरा, मग थकलेच. तरीही ३० एप्रिलला ट्रॅनमियरला १-१ बरोबरी करून त्यांनी बढती पक्की केली. मी तिथे होतो. पगार न झालेली माणसं मैदानभर नाचत होती. मे महिन्यात मँचेस्टर सिटीने एफए कपच्या फायनलमध्ये वॉटफर्डला ६-० हरवलं आणि टीव्हीवर सांगितलं, की बरीच्या १९०३ च्या विक्रमाशी बरोबरी झाली. आमचं नाव त्या दिवशी देशभर घेतलं गेलं. आदल्या डिसेंबरात क्लब १ पौंडाला विकला गेला होता, कर्ज डोक्यावर होतं, आणि पुढच्या हंगामाची सुरुवातच १२ गुण वजा होऊन होणार होती.

जूनमध्ये लोव प्लिमथला गेले. मागोमाग मेयर. मी स्वयंपाकघरात उभा राहून त्याला पळपुटा म्हणालो. त्याहून वाईटही बोललो. लेक १७ वर्षांची होती. तिने विचारलं, "बाबा, तुला ३ महिने पगार मिळाला नाही तर तू कामावर जाशील?" मी म्हणालो, जाईन. ती म्हणाली, "आणि आम्ही?" मी उत्तर दिलं नाही. त्या वेळी मला वाटलं होतं, हिला फुटबॉल कळत नाही.

ऑगस्ट आला. एकामागून एक मॅच स्थगित. नवे मालक येणार, व्यवहार होणार, अशी बातमी आली आणि लीगने मंगळवार, २७ ऑगस्टची संध्याकाळी ५ ची मुदत दिली. पुढची मॅच झाली तर मैदान तयार हवं, सफाईला माणसं हवीत, असा निरोप गावभर फिरला. मी रात्रीची ड्यूटी संपवून घरी आलो, बाथटब घासायचा ब्रश आणि बादली उचलली आणि आमच्या मैदानावर, गिग लेनला गेलो.

शेकडो माणसं आली होती. झाडू, खराटे, वॉलपेपर खरवडायची पाती, जे घरात होतं ते घेऊन. एक म्हातारे गृहस्थ पायरीवर गुडघे टेकून फटींतलं गवत उपटत होते. मला साउथ स्टँडमधली एक रांग मिळाली. निळ्या खुर्च्यांवर उन्हाळाभराची कबुतरांची शीट वाळून दगड झाली होती. मी जोर लावून घासायला लागलो. शेजारच्या रांगेतल्या बाई, पिवळे रबरी हातमोजे घातलेल्या, म्हणाल्या, तसं नाही. आधी पाणी घाल, भिजू दे, पुढच्या तीन खुर्च्या भिजव आणि मग पहिलीकडे ये. नाहीतर प्लास्टिकवर ओरखडे उठतात. तसंच केलं. शीट साबणासारखी सुटून आली. बिजागरीच्या खाचेत मात्र ब्रश जात नव्हता. तिथे त्यांनी मला एक जुना टूथब्रश दिला. आम्ही फार बोललो नाही. एकदा त्यांनी विचारलं, तुझी जागा कुठली? मी बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, ती शेवटी कर, ती नीट होईल.

दुपारी, साडेतीनच्या पुढेमागे, खालून कुणाच्या तरी फोनवरून बातमी वर आली. घेणाऱ्यांनी माघार घेतली होती. कुणी ओरडलं नाही. खराट्यांचा आवाज हळूहळू बंद पडत गेला. ते म्हातारे गृहस्थ पायरीवरच बसले. मोजेवाल्या बाईंची रांग ६ खुर्च्यांनी राहिली होती. त्यांनी पाणी घातलं, भिजू दिलं, परत फिरल्या, घासलं. सहाही. मग मीही माझी पुरी केली. माझी जागा शेवटी.

रात्री ११ च्या सुमारास लीगने जाहीर केलं, की बरीचं सदस्यत्व काढून घेतलं आहे. १८९४ पासून होतं ते.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि जे आठवत होतं ते ट्रॅनमियर नव्हतं. माझे स्वयंपाकघरातले शब्द होते. मेयर राहिला असता तर त्या दिवशी त्याच्याकडे ना पगार असता, ना खेळायला क्लब. मी ज्याला निष्ठा म्हणत होतो, ती त्याच्या घरच्यांच्या ताटातून मागत होतो. हे कळलं. तरी रागाचा एक खडा उरलाच आणि तो आजही आहे. त्याने जाऊ नये असं नाही. पण मी ज्या वेळी खुर्ची घासत होतो, त्या वेळी तो दुसऱ्याच रंगात खेळत होता. हा राग न्याय्य नाही, हे मी लिहून देतो. गेला मात्र नाही.

पुढचं थोडक्यात. प्लिमथबरोबर मेयर २०२० मध्ये लीग वनला चढला. २०२३ मध्ये प्लिमथ १०१ गुण घेऊन लीग वन जिंकलं, चॅम्पियनशिपचं दार १३ वर्षांनी पुन्हा उघडलं आणि त्याच उन्हाळ्यात तो करार संपून फ्लीटवुडला, लीग वनमध्येच गेला. बत्तिशीत. तुम्ही विचारता ना वर का नाही गेला. तो संघाला वर घेऊन गेलेल्यांत होता आणि स्वतः दाराशी थांबला. त्याला कसं वाटलं असेल ते मी सांगू शकत नाही. मला फार लागलं.

बरी २०२३ पासून गिग लेनला पुन्हा खेळू लागली, नवव्या पायरीवरून सुरुवात करून. पहिल्याच महिन्यात मी जुन्या जागेवर बसून आलो. बिजागरीच्या खाचेत परत काळं साचलं होतं.

मधल्या काळात प्लिमथ अ‍ॅक्रिंग्टनला खेळायला यायचं. आमच्याकडून गाडीने जेमतेम अर्धा तास. बायको म्हणाली, जा, बघून ये त्याला, एवढा जीव आहे तर. मी एकदाही गेलो नाही. ड्यूटी होती म्हणून सांगितलं. ड्यूटी नव्हती. तो हिरव्या शर्टात चेंडू घेऊन वळला असता आणि मी उठलो असतो की बसून राहिलो असतो, हे मला त्या दिवशी तिथे बघायचं नव्हतं.