ताणाखाली सुटणारी लीश: चौथा प्रयत्न

लीश म्हणजे सर्फबोर्ड किंवा पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायचा बोर्ड) माणसाला बांधून ठेवणारी दोरी. ताण असतानाही झटक्यात सुटेल अशी लीश मी घरी बनवतोय. मागच्या नोंदीत मी फुशारकी मारली होती की आता फक्त शिवण पक्की करायची राहिली आहे. ते विसरा. तिसरी लीश उसवून तिच्या कड्या काढून घेतल्या आणि पट्टा आता खिळ्यांच्या डब्याभोवती गुंडाळून ठेवला आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं. सुरुवातीला डोक्यात एकच खूळ होतं, न तुटणारी लीश. दोरी मधोमध क्वचितच तुटते. ती जाते स्विव्हलजवळ, म्हणजे टोकाच्या फिरत्या जोडाजवळ, जिथे युरेथेन (दोरीचं रबरासारखं प्लॅस्टिक) साच्यात घट्ट धरलेलं असतं आणि तिथेच वाकून वाकून त्याला चीर पडते. म्हणून मी ६ मिमीची दोरी सोडून ७ची घेतली. वाढला एकच मिलिमीटर, पण काटछेद २८ चौरस मिमीवरून ३८ वर गेला. ताकद त्याच मापाने वाढली आणि पाण्यातली ओढसुद्धा. पॅडल मारताना मागून कुणीतरी शेपूट धरलंय असं वाटत राहायचं.

मग जिन्याखाली ६ मिमीच्या दोरीचा ३० सेंटिमीटरचा तुकडा टांगला आणि त्याला पाण्याचा १५ किलोचा कॅन लावला. तुकडा पन्नासच्या आसपास जाऊन थांबला. रात्रभर तसाच ठेवला. सकाळी कॅन काढल्यावरही दोनेक सेंटिमीटर लांबच राहिला. ताणून ताणून सैल पडलेली आणि मध्येच बारीक झालेली लीश आपण सगळ्यांनीच पाहिली आहे, ती हीच. अशी दोरी दिसली की फेकून द्यावी. नखाने जाणवेल एवढी खाच असली तरीसुद्धा, कारण ताण पडला की ती खाच उघडत जाते.

ताणलेल्या दोरीत साठलेली शक्ती कुठेतरी जातेच. सुरुवातीच्या लीश शस्त्रक्रियेत वापरतात तसल्या रबरी नळीच्या असत. ती नळी भरमसाट ताणायची आणि बोर्ड गोफणीतल्या दगडासारखा परत यायचा. वेटसूटवाले (थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाचे) जॅक ओनील यांचा डावा डोळा १९७१ मध्ये असाच गेला, आणि त्या लीशचा खटाटोप त्यांच्या मुलाचाच, पॅटचा. ही गोष्ट कळल्यापासून मी एक प्रश्न विचारतो: तुटायचंच असेल तर कुठलं टोक तुटावं? बोर्डाकडचा प्लग, म्हणजे लीश अडकवायची खोबण, उपटला तर सगळी दोरी माझ्या तोंडावर येते. माझ्याकडचं टोक सुटलं तर ती बोर्डाकडे जाते. म्हणून सोडवायची जागा शरीराजवळ हवी. अर्थात लाटांवर सुटलेला बोर्ड मागच्या माणसाच्या डोक्यात बसू शकतो, तेव्हा सर्फिंगच्या लीशमध्ये मी हात घातलेला नाही. हे सगळं पॅडलबोर्डसाठी, वाहत्या पाण्यासाठी.

वाहत्या पाण्यात घोट्याची लीश म्हणजे सापळा. बोर्ड खांबाच्या एका बाजूने जातो, तुम्ही दुसऱ्या बाजूने, आणि दोरी खांबाला अडकते. पाणी तुम्हाला आडवं ताणून धरतं. घोट्यावरच्या पट्ट्याचं वेल्क्रो सोलून काढायला तसं सोपं आहे, घसरणीच्या दिशेने घट्ट आणि सोलायच्या दिशेने कमजोर, पण हात घोट्यापर्यंत पोचायला हवा ना! ३० ऑक्टोबर २०२१ रोजी वेल्समधल्या हॅव्हरफर्डवेस्टला फुगलेल्या नदीच्या बंधाऱ्यावर पॅडलबोर्डवाल्यांच्या गटातल्या चौघांचा जीव गेला. तिथे चुका बऱ्याच झाल्या होत्या, आणि चौकशीच्या अहवालात लीशचाही मुद्दा आहे. तो वाचल्यावर मी ‘न तुटणारी’ हे शब्द वहीतून खोडले.

म्हणून कमरेचा पट्टा आणि त्यावर झटक्यात सुटणारी कळ. पट्ट्याच्या फासातून एक पिन, पिनला दोरी, दोरीला मणी. तिसरी आवृत्ती ही अशी होती. २५ किलो टांगून ती लोण्यासारखी सुटायची. मी खूश.

मग एका रात्री हिशेब मांडला. प्रवाह सेकंदाला दीड मीटर, पाण्याला अडवणारं अंग अर्धा चौरस मीटर, आकाराचा गुणक ढोबळ मानाने एक. ओढ आली साडेपाचशे न्यूटनपेक्षा जास्त, म्हणजे ५५ किलोच्या पुढे. वेग दुप्पट झाला की हीच ओढ चौपट होते. माझी चाचणी निम्म्या भारावर चालली होती! दुसऱ्या दिवशी ६० किलो वाळूची गोणी टांगली. भाचा खाली उभा राहून सामान तोलायच्या काट्याने मणी ओढत होता. काटा पंधराच्या पुढे गेला, पिन जागची हलेना, आणि पोरगं म्हणालं, "मामा, हे बुडणाऱ्या माणसाने ओढायचंय ना?"

पिनेचं दुखणं साधं आहे. भार वाढतो तसं घर्षण वाढतं, म्हणजे जेव्हा सुटायची सगळ्यात जास्त गरज तेव्हाच ती सगळ्यात जास्त धरते. यावर उपाय पाण्यातल्या लोकांकडे नाही, आकाशातल्या लोकांकडे सापडला. पॅराशूटवाले १९७०च्या दशकापासून तीन कड्यांची कळ वापरतात, बिल बूथ यांची. मोठ्या कडीतून मधली कडी ओवून मागे दुमडायची, मधलीतून छोटी ओवून पुन्हा दुमडायची, छोटीवर दोऱ्याचा एक लहानसा फास टाकून त्याचं टोक पट्टीतल्या छिद्रातून पलीकडे काढायचं आणि तिथे त्यात वायर अडकवायची. प्रत्येक दुमडणीला तरफ मिळते, त्यामुळे गोणीचा सगळा भार फासापर्यंत पोचेतो अगदी किरकोळ उरतो. वायर ओढली की फास सुटतो आणि कड्या आपोआप एकमेकींतून उलगडतात.

मी फक्त दिशा उलटी केली. पॅराशूटमध्ये मोठी कडी माणसाकडे असते. मी ती लीशच्या टोकाला लावली, आणि मधली कडी, छोटी कडी, वायर, मणी हे सगळं पट्ट्यावर ठेवलं. सुटल्यावर दोरीबरोबर एकच कडी जाते आणि बाकीचं अंगावरच राहतं. जुळवायला सोपं आणि हरवायला अवघड.

६० किलोवर काटा दोनच्या खाली! भाच्याने तीन वेळा तपासलं, कारण त्याचा माझ्या शिवणकामावर विश्वास नाही.

पाण्यात मात्र पहिल्याच दिवशी नाक कापलं. फास नायलॉनचा होता. नायलॉन पाणी पितं, फुगतं. फास छिद्रात घट्ट बसला आणि वायरीच्या नळीत वाळू गेली. कळ सुटली, पण करकरत. आता फास डायनीमाचा, म्हणजे पाणी न पिणाऱ्या मजबूत धाग्याचा आहे, वायरीवर गुळगुळीत प्लॅस्टिकचं आवरण आहे आणि नळीला खालून पाणी निघायला तीन भोकं पाडली आहेत. प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुणं आलंच. कड्या स्टेनलेसच्या घ्या, आणि वेल्डिंगच्या सांध्यावर बोट फिरवून बघा. माझ्या एका कडीचा सांधा टोकदार होता आणि त्याने पट्टी दोन आठवड्यांत कुरतडली.

हे घरगुती काम आहे, तेव्हा खऱ्या प्रवाहात मी अजून बाजारातलाच कमरेचा पट्टा लावतो. माझी कळ ओल्या वाळूत लोळवून, ६० किलोवर, सलग पन्नास वेळा न अडकता सुटली तर बघू. सध्या आकडा एकतीसवर आहे. बत्तिसाव्या वेळी अडकली नाही, मीच चुकलो.

ती चूक सांगतो. बर्फाच्या बादलीत दोन मिनिटं हात, मग लाइफ जॅकेट घालून, डोळे मिटून मणी शोधायचा. मी जे धरलं आणि जोरजोराने ओढलं ते जॅकेटचं बक्कल होतं. भाचा हसून लोळला. बोटं बधिर असली की मणी आणि बक्कल यांत फरकच कळत नाही. शिवाय मणी बरोबर मधोमध होता, त्यामुळे बोर्डावर पोटावर चढताना तो रुततही होता. आता तो दोन्ही हातांनी पोचेल असा नाभीच्या किंचित उजवीकडे घेतला आहे, आणि लिंबाएवढा नवा लाकडी मणी आणला आहे, त्यावर खडबडीत दोरा गुंडाळून. भोक पाडून झालंय. वॉर्निश वाळलं की ओवतो आणि मोजणी पुन्हा एकपासून.