आमची वाटचाल: ‘हार्मोनवाले’ हे नाव आम्हाला कसं चिकटलं

शिरोलीच्या पत्र्याच्या शेडमध्ये २०१४ साली मी आणि माझ्या मावसभावाने बटन मशरूम सुरू केलं. चार खोल्या, प्रत्येकीत दहा किलो कंपोस्टच्या (मशरूम ज्यावर वाढतं त्या कुजवलेल्या खताच्या) आठशे बॅगा. पहिली चार वर्षं सुरळीत गेली. त्यानंतरचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण आम्ही हार्मोन मारून मशरूम फुगवतो, अशी भलतीच गोष्ट बाजारात फिरते.

२०१८ च्या उन्हाळ्यात औषधं विकणारा एक माणूस शेडवर आला. तासगावकडे द्राक्षाचे घड जीए, म्हणजे जिबरेलिन या वाढीच्या हार्मोनच्या द्रावणात बुडवतात, मणी फुगतो. मशरूमची टोपी का फुगणार नाही, असं त्याचं म्हणणं. जिबरेलिन मुळात बुरशीतच सापडलं, हेही त्याने ऐकवलं. ते खरंच आहे. जपानात भाताची रोपं भरमसाट उंच होऊन आडवी पडायची, त्यामागे बुरशीने सोडलेलं द्रव्य आहे हे कुरोसावा यांनी १९२६ साली दाखवलं. पण ती बुरशी ते द्रव्य भातावर सोडते. मशरूम ही वनस्पतीच नाही, तेव्हा द्राक्षाचा हिशोब तिला लागू पडेल याची खात्री काय? हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

केसिंगवर (कंपोस्टवर पसरलेल्या मातीच्या थरावर) पिनहेड, म्हणजे मशरूमचे कोंब, वाटाण्याएवढे झाल्यावर सहा बॅगांवर फवारून बघितलं. माल जोरदार आला. त्या बॅगा दारापाशी होत्या, तिथे ताजी हवा सर्वांत जास्त लागते, हे आमच्या डोक्यातच आलं नाही. पुढच्या खेपेला पूर्ण खोली फवारली. त्याच आठवड्यात एक्झॉस्ट फॅनची मोटर जळाली. चार दिवसांत देठ बोटभर लांब, टोप्या बारीक, निम्म्या उघडलेल्या. कार्बन डायऑक्साइड साचला की असंच होतं, हे आमच्या धंद्यातल्या कुणाला सांगायला नको. तेराशे-चौदाशे किलोच्या खोलीतून सहाशेही निघाले नाहीत. दोष मोटरचा की फवाऱ्याचा, आम्हाला आजही सांगता येत नाही, कारण तुलनेसाठी शेजारी नुसत्या पाण्याची एकही रांग ठेवली नव्हती.

आमच्याच धंद्यातल्या एकाला ते लांब देठ दिसले. महिन्याभरात हॉटेलांत बोललं जाऊ लागलं, “ते इंजेक्शनचं मशरूम आहे.” चौदा हॉटेलांपैकी अकरा तुटली. स्पॉनची (मशरूमच्या बियाण्याची) उधारी थकली. मावसभावाने त्या दिवाळीत भागीदारी सोडली. त्याचा राग नाही. राग आहे तो न बघता बोलणाऱ्यांचा.

राजारामपुरीतले भाजीवाले अण्णा मात्र टिकले. पहाटे साडेपाचला ट्रे आला की एक देठ मोडायचे, वास घ्यायचे, मग वजन. अफवा कानावर आली तेव्हा ते स्वतःच रिक्षा करून शेडवर आले. तोडणी संपेपर्यंत खोलीत उभे राहिले, फवाऱ्याची टाकी उघडायला लावली, आणि जाताना म्हणाले, “उद्यापासनं पाच किलो जादा धाड. गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते मी बघतो.”

त्या हिवाळ्यात मी रीतसर चाचणी घेतली. जीए नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही, आधी अल्कोहोलमध्ये घ्यावं लागतं. म्हणून तीन रांगा केल्या: १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा) जीएची, तेवढंच अल्कोहोल घातलेल्या पाण्याची, आणि साध्या पाण्याची. प्रत्येकी चाळीस बॅगा, एकाच उंचीच्या रॅकवर, दारापासून सारख्या अंतरावर. तिन्ही फ्लशची (एकामागून एक येणाऱ्या बहरांची) तोडणी बॅगेगणिक तोलली. एकाच रांगेतल्या दोन बॅगांत पडतो तेवढाच फरक रांगारांगांत निघाला. बाटली परत केली. पुढे एकही फवारा मारला नाही.

नवीन मुलांना सांगतो, बाटली घेण्याआधी लांब दांड्याचा थर्मामीटर घ्या. पाश्चरायझेशनला, म्हणजे कंपोस्ट गरम करून जंतू मारताना, ५८ ते ६० अंश नीट धरा, कंपोस्टमध्ये अमोनियाचा वास उरला असेल तर स्पॉन घालूच नका. तोडणीच्या खोलीत १६-१७ अंश आणि ८५ टक्क्यांच्या वर आर्द्रता ठेवा. आणि फॅनची एक मोटर कायम शिल्लक ठेवा. आमची ट्रॉलीच्या खाली, पिशवीत गुंडाळलेली असते.

ती अकरा हॉटेलं अजून सगळी परत आलेली नाहीत. चाचणीची वही शेडमध्येच आहे. ज्याला बघायची त्याने खुशाल यावं, फक्त केसिंगच्या दिवशी येऊ नये.