मेन्दोसा कसं काढायचं?

एक डोकं, त्याला जोडलेली बारीक रेघ आणि रेघेच्या टोकाला साप. म्हणजे हा गडी कोआत्ल, मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांच्या नाहुआत्ल भाषेत साप. शेजारी दुसरं डोकं, त्याला गरुड, की झाला क्वाउत्ली. मेक्सिकोतल्या वेशोत्सिंकोची १५६० ची शिरगणती आहे ही, मूळ प्रत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, पण स्कॅन ऑनलाइन फुकट बघता येतात आणि मी गेला आठवडाभर रोज रात्री तेच करतेय, घरचे वैतागलेत. हजारो डोकी आहेत हो! कर कुणाकडून घ्यायचा ते कळायला केलेली यादी, म्हणजे खरं तर रुक्ष सरकारी काम, पण त्लाकुइलो (चित्र काढून लिहिणारा तो) प्रत्येकाला नाव काढून देतो, आणि बाजूला रोमन अक्षरांतही लिहिलेलं असतं, त्यामुळे आपल्यासारख्या अडाण्यालाही जुळवत बसता येतं.

सापाला साप काढणं सोपंय. मजा पुढे आहे. आशायाकात्ल हा अझ्टेक राजा, त्याचं चित्र म्हणजे माणसाचा चेहरा आणि त्यावर पाणी, कारण आत्ल म्हणजे पाणी आणि शायाकात्ल म्हणजे चेहरा. क्वाउतेमोक म्हणजे खाली झेपावलेला गरुड, मग गरुडाचं तोंड सरळ खाली. इथपर्यंत अर्थाचं चित्र.

पण स्पॅनिश आले, बाप्तिस्मे झाले आणि नावं पेद्रो वगैरे झाली, ज्यांचा नाहुआत्लमध्ये काही अर्थच नाही. मग? संत पेद्रोच्या हातात स्वर्गाच्या किल्ल्या असतात ना, तर काढा किल्ली. मेक्सिकोतला स्पॅनिश व्हाइसरॉय मेन्दोसा, त्याचं तर कळसच, मेत्ल म्हणजे घायपात, तोसान म्हणजे बिळात राहणारा एक उंदरासारखा प्राणी, दोन्ही एकत्र काढले की मे-तोसा, झाला मेन्दोसा!! मोठ्या साहेबाच्या नावात घूस, मला तर दोन मिनिटं हसू आवरेना. यात टिंगल होती असं मात्र मला वाटत नाही, आवाज जुळला की काम झालं.

बायकांच्या नावांनी मात्र थोडी निराशा केली. त्या काळच्या नाहुआ बायकांत तेयाकापान, त्लाको, शोको हीच नावं पुन्हा पुन्हा येतात, म्हणजे थोरली, मधली, धाकटी. बास. बाप्याला गरुड आणि हिला नुसता नंबर.

बाय द वे, आपला टोमॅटो आणि चिकू हे शब्दसुद्धा मूळचे याच भाषेतले. आज अजून चार पानं बघणार आहे, किल्लीवाला पेद्रो सापडतोय का ते.